तारेला डोळे नसतात

रानडुकराचा आणि रोह्याचा विषय निघाला की शहरातले पाहुणे म्हणतात, मुक्या जिवाला मारू नका. गावातले लोक म्हणतात, मग आम्ही पेरायचं कोणासाठी? दोघांचंही मला पटतं, म्हणून मी या वादात बहुधा गप्प बसतो. पण राजेहो, या वादात एक प्रश्न कोणी विचारतच नाही. मारायची वेळ आलीच, तर ती कशानं मारायची? मारणाऱ्याला समोरचं दिसलं पाहिजे की नाही?

आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट तालुक्यात. वर मेळघाट, खाली आमची तूर, कपाशी, हरभरा. पेरलं की डुक्कर येते आणि तासातलं बी नाकानं उकरून खाते. उगवलं की रोही येते आणि तुरीचे शेंडे खुडते. खाते त्याच्या दुप्पट तुडवते. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागलीला जातो, डबा वाजवतो, फटाके फोडतो, टॉर्च फिरवतो. पंधरा दिवस जनावर भिते. मग त्यालाही समजते की हा नुसता आवाज हाये.

कायदा अगदीच निर्दयी आहे असं मी म्हणणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीला बंदी आहे, पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका करणाऱ्या जनावराला लेखी परवानगीनं मारता येतं, अशी वाट ठेवली आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी तसा आदेशही काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पण कागदाची वाट लांब असते. अर्ज करा, चकरा मारा, परवानाधारक माणूस शोधा. त्यात निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा तूर फुलावर होती. डुकराला आचारसंहिता कोण सांगणार?

मग माणूस सोपा रस्ता धरतो. घरच्या लाइनवरून आकडा टाकतो आणि धुऱ्यावरून उघडी तार फिरवतो. कोणी कणकेच्या गोळ्यात बारूद भरून ठेवतो. स्वतः घरी जाऊन झोपतो. ही झोपच मला खटकते. तारेला डोळे नसतात. डुक्कर आलं काय, शेजाऱ्याचा बैल आला काय, पहाटे पाणी द्यायला निघालेला गडी आला काय, तिला सारखेच. आपल्या भागात अशा तारेला चिकटून माणसं मेली आहेत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. २०२० च्या मे महिन्यात केरळात पलक्कडकडं एक गाभण हत्तीण मेली. स्फोटकं भरलेलं फळ तिनं खाल्लं होतं. ते फळ ठेवलं होतं रानडुकरासाठी. ठेवणाऱ्याच्या मनात हत्तीण नव्हती, पण मेली तीच.

या विचारात मी होतो, तेव्हाच घरात दुर्बिणीचा विषय निघाला. थोरल्या भावाची ऑर्डनन्स फॅक्टरीची ३१५ बोअरची रायफल रीतसर पुतण्याच्या नावावर झाली. तिच्यावर कारखान्याची लोखंडी माशी आहे, पण त्याला वरून दुर्बीण बसवायची होती. मोबाइल घेऊन माझ्याकडं आला.

"काका, हे पाहा. सोळा पट जवळ दिसते. अर्ध्या किलोमीटरवरचं रोही अंगणात उभं रायल्यासारखं वाटते."

मी म्हटलं, "अर्ध्या किलोमीटरवर गोळी माराची हाये काय तुले? रोह्याच्या मांगं कोनाचं वावर हाये, तिथं जागलीले कोन हाये, हे त्या दुर्बिणीत दिसते काय?"

तो गप्प झाला. मग मी त्याला गावातल्या एका निवृत्त फौजीबुवांकडं नेलं. मी शिकलो दहावीपर्यंत. काचेचं शास्त्र मला कुठून येणार? पण फौजीबुवांनी सांगितलं ते आडाण्यालाही कळेल असं होतं.

ते म्हणाले, पुढच्या काचेची रुंदी घ्यायची आणि तिला पटीनं भागायचं. चाळीस मिलिमीटरची काच आणि चार पट, म्हणजे डोळ्यापर्यंत दहा मिलिमीटरचा उजेड येतो. अंधारात तरण्या माणसाची बाहुली सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, म्हणजे उजेड पुरून उरला. तीच काच सोळा पटीवर नेली की उजेड राहतो अडीच मिलिमीटर. डुक्कर येते दिवस बुडताना नाहीतर झुंजुमुंजू होताना. त्या वेळी सोळा पटीत मोठं काळं दिसेल, पण ते काय आहे ते दिसणार नाही. शिवाय पट वाढली की आजूबाजूचं रान नजरेतून जातं.

दुसरं, टिकाऊपणा. रायफलीचा धक्का रोज सोसायचा, वर मोटारसायकलवरून धुऱ्याधुऱ्यानं हादरे खायचे. दुर्बीण चांगली आणि तिच्या कड्या हलक्या असल्या तरी नेम सरकतो. म्हणून पैसे कड्यांवर आणि स्क्रूवरही खर्च करायचे. आत नायट्रोजन भरून बंद केलेली असावी, नाहीतर हिवाळ्याच्या पहाटे आतून वाफ धरते आणि पुसताही येत नाही. डोळा काचेपासून साडेतीन इंच तरी लांब राहिला पाहिजे, नाहीतर धक्क्यानं भुवई फुटते.

आणि तिसरी परीक्षा खरेपणाची. मान्यतेच्या रेंजवर कागद लावून एक गोळी मारायची. मग दुर्बिणीच्या फिरक्या वीस टिचक्या उजवीकडं, वीस वर, वीस डावीकडं, वीस खाली अशा फिरवायच्या, दर वळणाला एक गोळी. शेवटची गोळी पहिल्या भोकाशेजारी पडली तर ती दुर्बीण खरी. नाही पडली, तर काच कितीही लखलखीत असो, ती खोटं बोलते. काडतुसं मोजून मिळतात, महाग पडतात, म्हणून लोक ही परीक्षा टाळतात आणि ती जनावरावर करतात.

शेवटी फौजीबुवा म्हणाले, "दुर्बीन म्हंजे डोया नाई, बाप्पा. चष्मा हाये. पाहाचं काम आपल्यालेच करा लागते."

हे वाक्य मला फार मोठं वाटलं. विश्वासाची दुर्बीण का घ्यायची? लांबचं मारता यावं म्हणून नव्हे. गोळी सुटण्याच्या आधी दोन श्वास थांबून समोर कोण आहे ते ओळखता यावं म्हणून. मागं पिल्लं आहेत का, पलीकडं कोणाची बिडी पेटली आहे का, हे दिसावं म्हणून. आणि मारलंच तर एका गोळीत मरावं म्हणून. पोटात गोळी घेऊन पळालेलं डुक्कर चार दिवस तुरीत कण्हत पडते, आणि त्याच तुरीत सकाळी बाया निंदायला जातात. जिम कॉर्बेटनं कुमाऊंच्या नरभक्षकांवर लिहिताना हेच सांगितलं आहे: वाघ माणसावर उलटतो त्याचं एक कारण म्हणजे हलगर्जीपणानं झाडलेली आणि मागोवा न घेता सोडून दिलेली गोळी.

आपल्याकडचे फासेपारधी दुर्बिणीविना हे जाणत होते. फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून देत, असं माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे. फासालाही डोळे नसतात, हे खरं. पण फास धरून ठेवतो, मारत नाही. फास आणि मरण यांच्यामध्ये एक माणूस येऊन उभा राहायचा, पाहायचा आणि ठरवायचा. करंटच्या तारेनं तो मधला माणूसच काढून टाकला.

कोणी म्हणेल, चांगली दुर्बीण हाती आली की मारणं सोपं होतं, आणि सोपं झालं की हात थांबत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०१६ मध्ये बिहारात मोकामाकडं बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले. तिथं नेमबाजांना दिसत होतंच की. दिसणं पुरेसं नाही हे मला कबूल आहे. पण एवढं मात्र झालं की कोणी मारलं, कोणाच्या हुकुमानं मारलं, हे देशाला कळलं आणि दिल्लीतले दोन मंत्री त्यावरून उघड भांडले. तारेनं मेलेल्या जनावराचं कोणी भांडत नाही. रातोरात खड्डा खणतात आणि तार गुंडाळून ठेवतात. ज्या मारण्याला धनी नाही, त्याला आवर घालायचा कसा?

हा मुलूख गाडगेबाबांचा आहे. देवापुढं बोकडं कापू नका म्हणून त्यांनी कीर्तनातून लोकांना झोडपलं. आमच्या घरात माळ आहे. म्हणून पुतण्याला मी आधी झटका मशीन घ्यायला लावलं. त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर दचकून मागं फिरते आणि जिवंत राहते. घरच्या लाइनचा करंट सलग असतो, तो पकडून ठेवतो. दोन्ही तारा दुरून सारख्याच दिसतात, पण एक हाकलते आणि दुसरी खून करते. मशीननं भागलं तर रायफल खुंटीवरच बरी.

नाहीच भागलं, तर परवानगीचा कागद खिशात ठेवून जावं. स्वतः पाहावं, नीट दिसलं नाही तर परत यावं. मारलं तर जवळ जाऊन मेलं की नाही बघावं, वनखात्याला कळवावं आणि पंचनाम्यावर आपल्या नावाची सही करावी. पुतण्यानं चार पटीची दुर्बीण घेतली. या मोसमात तो तीनदा परवानगीनं गेला आणि तीनदा गोळी न झाडता परत आला. एकदा मागं पिल्लं होती, दोनदा उजेड कमी पडला. हरभऱ्याचं नुकसान झालं, ते आम्ही सोसलं. गावात काही जण त्याला हसले. मी त्याला म्हटलं, "दुर्बिनीचे पैसे वसूल झाले, बापू."