शेंडा खुडताना



यंदा गच्चीवर कुंड्यांत मिरचीची दोन रोपं लावली. बी घरातल्याच वाळक्या ब्याडगी मिरचीचं. रोपं वीतभर झाली तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेंडा खूड, झाड डवरेल." एकाचा खुडला. दुसऱ्याचा खुडायला हात धजेना, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला कौतुकानं रोप दाखवलं, तर हसत म्हणाली, "बारावीला माझा नाच तू असाच खुडलास ना, आई?" ती हसली खरी, पण मला रात्री झोप आली नाही.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात, फुटवे येतात. म्हणून आपण म्हणतो, खुडलं ते झाडाच्या भल्यासाठीच.

पण मिरची पहिल्या कळीपाशी आपणहूनही फांद्या फोडते. खुडलेल्या रोपाला मात्र फूल उशिरा येतं. माझं खुडलेलं रोप बुटकं, दाट झालं, वाऱ्यात डगमगत नाही. न खुडलेल्याला मिरच्या आधी लागल्या. मग भलं कोणाचं झालं? खरं सांगायचं तर झाडाच्या भल्याचा विचार मी केलाच नव्हता. मला मिरच्या जास्त हव्या होत्या.

सत्संगात आपण ऐकतो, की गुरू शिष्याच्या अहंकाराचा शेंडा खुडतात. ते खरंच आहे. पण तिथे आपण स्वतःच्या पायांनी जातो, स्वतःहून मान वाकवतो. घरी तोच दाखला मुलांना, सुनांना देताना आपण न सांगता गुरूच्या आसनावर बसतो. समोरच्यानं मान वाकवलीय का, हे बघतच नाही.

लेकीला मार्क चांगले पडले, नोकरीही चांगली लागली. इतकी वर्षं मी तेच पुरावा म्हणून धरून होते. पण फुटवे आले म्हणून खुडणं योग्य ठरतं का? आलेले फुटवे दिसतात. न आलेलं फूल कोणाला दिसतं?

कधीच अडवू नये, असं माझं म्हणणं नाही. लहान मुलाच्या हातातला मोबाईल रात्री काढून घ्यावाच लागतो. पण त्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. एक, हे मी कोणासाठी करतेय? दुसरा, ज्याचं खुडायचं त्याला विचारलं का? रोपाला विचारता येत नाही. माझ्या लेकीला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

परवा फोन करून तिला एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खुडलेल्या झाडाला मिरच्या लागल्या का गं?"

म्हटलं, "कळ्या आल्यात."

या आठवड्यात आपल्या घरात कोणाला काही विचारायचं राहून गेलं असेल, तर विचारून बघूया.

🌶️🙏 तुमचीच एक सेवेकरी भगिनी, बेळगाव