पदकामागचं मौन

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नाव निघालं, की ‘घरटी एक जवान’ हे कोल्हापूरकराच्या तोंडी आपसूक येतं. आपल्या मनातला सैनिक जमिनीवरचा, पलटणीतला, सीमेवरचा. पाण्यात लढलेला माणूस आपल्या हिशेबात सहसा येत नाही, आणि तो गुपचूप लढला असेल तर मुळीच नाही.

कॅप्टन मोहन नारायणराव सामंत असेच. मूळचे पाणबुडीवाले. १९६९ मध्ये ‘आयएनएस करंज’ नौदलात आली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच. १९७१ मध्ये, बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात मात्र त्यांच्या वाट्याला नद्यांमधलं युद्ध आलं. भागीरथीकाठी, प्लासीजवळच्या छावणीत त्यांच्या देखरेखीखाली पूर्व बंगालच्या तरुणांना जहाजांना सुरुंग लावायला शिकवलं जात होतं. पुराच्या पंचगंगेत सूर मारणारी आपली पोरं असतात ना, तशीच ही. फक्त अंगाशी गमछ्यानं सुरुंग बांधलेला. हल्ल्याचा इशारा रेडिओवरच्या गाण्यातून मिळाला आणि ऑगस्टच्या मध्यावर चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या बंदरांत स्फोट झाले. उघड युद्धाला अजून साडेतीन महिने होते. भारतानं यातलं काही कबूल करायचं नव्हतं.

डिसेंबरात सामंत ‘पनवेल’, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या लहान बोटी घेऊन खुलन्याकडे निघाले. १० तारखेला आपल्याच विमानांनी शत्रू समजून बॉम्ब टाकले. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ गेल्या. बचावलेल्यांना ‘पनवेल’वर घेऊन सामंतांनी मोहीम पुढं रेटली. त्यांना महावीर चक्र मिळालं.

पदक बोटींवरच्या कामगिरीचं होतं. छावणीतलं काम पडद्याआडच राहिलं. धाडसाची परीक्षा काही तासांत आटोपते, मौनाची वर्षानुवर्षं चालते. ज्याला आपलं मोठं काम सांगता येत नाही, त्याला समाजाच्या कौतुकावाचून जगायला शिकावं लागतं. सैनिकाच्या या शिस्तीला आपल्याकडे पदक नाही.

संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी लिहिलेलं ‘ऑपरेशन एक्स’ हे याच गुप्त मोहिमेवरचं पुस्तक २०१९ मध्ये आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सामंत गेले. गुप्तता ही युद्धाची गरज असते, हे खरं. पण ती संपल्यावरही आपण विचारत नाही, तेव्हा तो आपला आळस असतो. तुमच्या गल्लीत नौदलातून निवृत्त झालेले कुणी आजोबा असतील, तर १६ डिसेंबरच्या हारतुऱ्यांची वाट पाहू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि ते सांगतील ते लिहून घ्या.