एल्क पडला, मग उचलणार कोण?

एल्कच्या, म्हणजे त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा तुमचा आराखडा मिळाला. अकरा पानांची एक्सेल फाईल, प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं. पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं एखादं पान पाठवायचं राहिलं असेल, म्हणून पुन्हा वाचली. काही राहिलेलं नव्हतं. चार रायफली आहेत, त्यांचे स्कोप आहेत, तीनशे यार्डांवर गोळी किती इंच खाली येते याचा तक्ता आहे. शिंगांबरोबर फोटो काढताना कोणी कुठे बसायचं, तेही लिहिलंय. आणि एल्क पडल्यानंतर पुढे काय, याबद्दल अकरा पानांत मिळून एकच ओळ: ‘मीट मॅनेज करू.’

कोण मॅनेज करणार? डॅलसला चारशे-पाचशे फुटांवर राहणारे, ऑफिसात लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणारे तुम्ही चौघे? हंटर एज्युकेशनचा वर्ग माझ्याकडे केलात, परीक्षेत चांगले मार्क मिळवलेत, कार्डं खिशात टाकून परत गेलात. मार्क मिळाले म्हणजे विषय कळला, हा आपल्या लोकांचा जुना भ्रम आहे. तो निदान डोंगरात तरी नेऊ नका.

आता गणित मांडतो. पाढे येत असतील अशी आशा आहे.

तुम्ही नकाशावर जो लाल ठिपका दिलाय, तो कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स विल्डरनेसमध्ये गाडीरस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे. उंची साडेदहा हजार फूट. ‘तिथे गर्दी नसते’ असं शेजारी लिहिलंय. नसतेच. का नसते, याचा विचार एकानेही केला नाही. वाढलेला नर एल्क जिवंतपणी तीनशे किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी खाण्याजोगं मांस नव्वद किलो धरा. चौघांत वाटलं तर माणशी साडेबावीस किलो. त्याच्यावर रायफल, पाणी, गरम कपडे, सुऱ्या. म्हणजे तीस-बत्तीस किलोची एक खेप झाली. तंबू, स्लीपिंग बॅगा, शेगडी आणि पाच दिवसांचं सामान अजून वरच आहे, त्यासाठी परत जा आणि दुसरी खेप आणा. सात खाली, सात वर, सात खाली. एकवीस किलोमीटर. हे एका एल्कचं झालं. तुमच्या फाईलमध्ये चार एल्क धरलेत, आणि डॅलसला परतताना चार कूलर कोणत्या गाडीत ठेवायचे तेही ठरलंय. चार एल्क म्हणजे मांसाच्या चार खेपा आणि सामानाची पाचवी. पाच वेळा भरल्या पाठीने खाली, चार वेळा रिकाम्या पाठीने वर. माणशी त्रेसष्ट किलोमीटर! हा आकडा फाईलमध्ये कुठे आहे? अकरा पानं उलटीपालटी केली, मला सापडला नाही.

‘सर, हातगाडी नेऊ’ असं म्हणाल. पान सातवर तिचा भावही टाकलाय. विल्डरनेसमध्ये मोटार चालत नाही एवढं तुम्हाला माहीत आहे, पण १९६४ च्या कायद्याने तिथे सायकलही चालत नाही आणि दोन चाकांची हातगाडीसुद्धा. तिथे पाय चालतात, नाहीतर घोडे-खेचरं. खेचरवाल्याकडे परवाना लागतो, त्याला महिनोन्महिने आधी फोन करून ठरवावं लागतं, आणि तो फुकट येत नाही. पान सातवरची ती ओळ खोडा आणि तिथे खेचराचं भाडं लिहा. किंवा लाल ठिपका रस्त्यापासून दोन किलोमीटरवर आणा. तिसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आणि मांस थांबत नाही. ऑक्टोबर महिना, थंडी आहे, काय घाई, असं वाटतं ना? एल्कचं कातडं जाड, त्यावर हिवाळ्याचे दाट केस. सकाळी पडलेल्या जनावराच्या मागच्या मांडीखाली, खुब्याच्या सांध्याजवळ दुपारी हात घालून बघा. बाहेर नाकाचा शेंडा बधिर झालेला असतो आणि आत हाताला चटका बसेल इतकी ऊब असते. त्या उबेनेच हाडालगतचं मांस आंबतं. वरून लालबुंद दिसतं, घरी जाऊन कापल्यावर वास येतो. म्हणून जनावर पडल्या पडल्या लायसन्सबरोबरचा टॅग सही-तारखेनिशी फाडायचा आणि लगेच सुरी हातात घ्यायची. एका कुशीवर वळवून कातडं पाठीवरून खाली सोलायचं. पुढचा फरा नुसत्या मांसाने धरलेला असतो, सुरी फिरवली की सुटतो. मागच्या मांडीला मात्र खुब्यातली वाटी शोधावी लागते. सुरीचं टोक तिथे घातलं की ‘टच्’ असा आवाज येतो आणि सबंध मांडी अंगावर येते. ती एकट्याने धरता येत नाही, हे ती अंगावर आल्यावरच कळतं. मग कण्यालगतचे दोन्ही पट्टे, आतल्या दोन कोवळ्या पट्ट्या, आणि सगळं सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. प्लॅस्टिकमध्ये नाही. तुमच्या यादीत काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आहेत. कोणी सुचवल्या?

चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतल्या पट्ट्या एवढं तरी बाहेर आणायचंच, असा कोलोरॅडोचा कायदा आहे. ‘जमेल तेवढं आणू’ हे तिथे चालत नाही. शिंगं काढून मांस टाकून येणाऱ्याला तर इथे फार वाईट दिवस आहेत, आणि मोठ्या शिंगांचा नर चोरून मारणाऱ्याला त्याहून वाईट. एस्टेस पार्कमध्ये सॅमसन नावाचा एक एल्क होता, गावकऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या सवयीचा झालेला. १९९५ मध्ये एका चोरट्या शिकाऱ्याने त्याला मारलं. लोक इतके खवळले की १९९८ मध्ये त्याच्याच नावाने कायदा झाला. एका शिंगाला सहा किंवा जास्त टोकं असलेल्या नर एल्कला बेकायदा मारलंत तर नेहमीच्या दंडावर आणखी १०,००० डॉलर. तुमच्या फोटोच्या पानावर मोठ्या शिंगांचाच हव्यास दिसतो, म्हणून आठवण करून दिली.

आता टॅगचं. पान तीनवर लिहिलंय: ‘ज्याला आधी संधी मिळेल त्याने मारायचं, टॅग कोणाचाही लावू.’ कोलोरॅडोत हे सरळ सरळ बेकायदा आहे. ज्याने मारला त्याचाच टॅग. हे वर्गात सांगितलं होतं, आणि त्या वेळी तुमच्यातला एक जण मोबाईलमध्ये बघत होता, कोण ते मला आठवतं. त्याच पानावर ड्रोन आहे. ड्रोनने जनावर शोधून शिकार करणंही बेकायदा. ते खेळणं घरी ठेवा.

त्याहून गंभीर गोष्ट पान दोनवर आहे आणि ती तुम्हाला गंभीर वाटलेलीच नाही. तुमच्यातले तिघे ग्रीन कार्डवर आहेत, एक जण अजून एच-वन-बीवर. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला ज्या सवलती आहेत त्यांतली एक म्हणजे एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. आणि फाईलनुसार लायसन्स काढायचंय सप्टेंबरमध्ये! तोवर हा गडी मित्राची रायफल हातात घेऊन रेंजवरचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतोय. अरे, एका हरणापायी सगळ्या वर्षांची मेहनत, नोकरी, रांगेतलं ग्रीन कार्ड पणाला लावतोस? आधी लायसन्स काढ, वकिलाला विचार, मगच रायफलीला हात लाव. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

टेक्सासात तुम्ही दोन हिवाळे हरणं मारलीत, मान्य. पण तिथली जवळजवळ पंचाण्णव टक्के जमीन खाजगी. पैसे भरायचे, कुंपणाच्या आत मचाणावर बसायचं, मका सांडणारं यंत्र ठरल्या वेळी फिरतं आणि हरीण ठरल्या वेळी येतं. कोलोरॅडोत एल्कला आमिष घालायला बंदी आहे. एकटं व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टच नऊ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे आहे, आपल्या सातारा जिल्ह्याच्या जवळपास. त्यात एल्क शोधायचा, आणि तोही दुसऱ्या रायफल हंगामात. तोवर धनुष्यवाल्यांनी आणि पहिल्या हंगामवाल्यांनी त्यांना रस्त्यापासून दूर पळवलेलं असतं. माजाचे दिवस संपलेले असतात, मोठे नर कळप सोडून एकटेदुकटे, उत्तरेकडच्या उतारांवरच्या काळोख्या झाडीत शिरून बसलेले असतात. ते आता तुमच्या शिट्टीला उत्तर देणार नाहीत. शिट्टीवर दीडशे डॉलर कशाला घातलेत?

वाऱ्याबद्दल फाईलमध्ये एक अक्षर नाही. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर सरकते. सकाळी खालून वर जायचं आणि दुपारपर्यंत वर पोचलेलं असायचं, हे एवढं साधं आहे. तुम्ही लिहिलंय: ‘सकाळी कड्यावरून खाली उतरत शोधायचं.’ म्हणजे चौघांच्या घामाचा आणि साबणाचा वास आधी दरीत पोचेल, मागून तुम्ही. एल्क कधीच पसार झालेला असेल. राज्यभरची सरासरी धरली तर पाचातल्या जेमतेम एकाला एल्क मिळतो, आणि त्या सरासरीत इथे जन्म घालवलेले लोकही आहेत. तुम्ही चारांतल्या चौघांना धरून कूलर मोजलेत. बाजारात तुरी म्हणतात ते हेच!

कपड्यांवर माणशी बाराशे डॉलर. पानाफुलांच्या नक्षीचं जॅकेट, तशीच पँट, तशीच टोपी. रायफल हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी रंग अंगावर लागतो आणि डोक्यावरही, चारही बाजूंनी दिसेल असा. नक्षीचा नारिंगी मोजत नाहीत. म्हणजे त्या बाराशे डॉलरच्या जॅकेटवर तुम्ही वीस डॉलरची बंडी चढवणार आणि ते झाकून टाकणार. तेच पैसे बुटांवर आणि चांगल्या दुर्बिणीवर घाला. दुर्बीण कशाला? शिकारीच्या बऱ्याच युनिटांत नर एल्क चालतो तो एका शिंगाला चार टोकं असतील तर, नाहीतर कपाळालगतचं टोक पाच इंचांचं हवं. ते आधी मोजावं लागतं, मारल्यावर मोजून उपयोग नाही. शिवाय १९७८ पासून इथे मूस ही दुसरी मोठी हरणं आणून सोडलेली आहेत, आणि त्यांना एल्क समजून मारणारे शहाणे अजून निघतात. रायफलीच्या स्कोपमधून बघून ठरवू म्हणाल, तर त्या स्कोपच्या दुसऱ्या टोकाला कधीतरी नारिंगी बंडीतला माणूस असेल.

हो, तिथे माणसंही असतात. सरकारी जमीन म्हणजे ओसाड जमीन नव्हे. मेंढपाळ असतो, दुसरे शिकारी असतात, हातात काठी घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतात, आणि त्या सगळ्यांची ती जमीन तुमच्याइतकीच आहे. तुमच्या वाटेच्या उजव्या हाताला नकाशावर जो पांढरा चौकोन दिसतो तो खाजगी रँच आहे. इथे पाटी नसली, कुंपण नसलं तरी परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. जखमी एल्क तिकडे गेला तरी आधी मालकाचं दार वाजवायचं. वायोमिंगमध्ये २०२१ साली चार शिकारी दोन सरकारी चौकोनांच्या सामाईक कोपऱ्यावरून शिडी लावून पलीकडे गेले. खाजगी जमिनीला पायही लागला नव्हता, तरी ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. २०२५ मध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूने लागला, खरं. पण तुमच्याकडे इतकी वर्षं आणि इतके वकील आहेत का?

उंचीबद्दल शेवटचं. डॅलसहून गाडीने रात्रभर येणार, सकाळी थेट साडेदहा हजारांवर चढणार, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठणार, असं वेळापत्रक आहे. मळमळ, डोकेदुखी ही त्यातली सौम्य बाजू. फुप्फुसात पाणी झालं तर तिथून खाली आणायला उरलेले तीन जणच असतील, आणि मोबाईलला रेंज नसेल. वाटेत दोन रात्री मधल्या उंचीवर काढा. सॅटेलाइटवर निरोप पाठवणारं यंत्र घ्या. कुठे आहोत आणि कधी परतणार याचा कागद घरी आपापल्या बायकोच्या हातात ठेवा. तिला अजून सांगितलेलंच नाही, असं कळलं.

आता कामाला लागा. घराजवळच्या ज्या बागेत रोज फिरायला जाता तिथे पाठीवर पंचवीस किलो वाळू घेऊन दहा किलोमीटर चाला, चौघेही, आठवड्यातून दोनदा. सुधारलेला आराखडा पंधरा दिवसांत पाठवा. त्यात मांसाचं पान पहिलं हवं: खेपा किती, कोण किती उचलणार, खेचरवाल्याचा फोन झाला की नाही, मांस कुठे टांगणार, कापून बांधायला कुठल्या कारखान्यात देणार, आणि डोकं-कणा राज्याबाहेर न्यायला कोणते निर्बंध आहेत, कारण क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे टेक्सासचे नियम याबाबत कडक आहेत. रायफलींचं पान शेवटी आलं तरी चालेल. आणि फोटोचं पान मला पाठवू नका.