हॉर्न कोणासाठी?



घणसोली गावातल्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागे कोणी घ्यायचे, हा प्रश्न रोज शंभरदा सुटतो आणि शंभरदा नव्याने उभा राहतो. गावठाणातले रस्ते जुन्या मापाचे. त्यांतूनच आज रिक्षा, पाण्याचे टँकर, टेम्पो, दुचाक्या आणि अंगाने रुंद मोटारी वाट काढतात. समोरचा माणूस कसा आहे हे अशा वेळी आपण चेहऱ्यावरून ठरवत नाही, गाडीवरून ठरवतो. पांढरी स्कॉर्पिओ म्हणजे गावचा दादा. मोठ्या आवाजाची बुलेट म्हणजे वाया गेलेला पोरगा. रिक्षावाला म्हणजे हात न दाखवता वळणारा. परदेशी मोटार म्हणजे बापाचा पैसा. एवढा निकाल द्यायला एक क्षण पुरतो.

असे एखाद्याला गाडीवरून ओळखणे योग्य आहे का? यात काहीच खरे नाही असे म्हणणे भोळेपणाचे होईल. कारण पुष्कळ वेळा मालक स्वतःच गाडीकरवी बोलत असतो. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ हा नंबर मुद्दाम मागून घ्यायचा आणि आकडे असे वळवायचे की ‘दादा’ वाचले जावे, ही आपल्या महाराष्ट्राची खास कला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नंबरप्लेटवरील अक्षरे-आकड्यांचा आकार ठरलेला आहे, तरीही! काचांवर काळी फिल्म लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी बंदी घातली. मंत्र्यासंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. या गोष्टी हव्याशा का वाटत होत्या? समोरच्याने आपोआप बाजूला व्हावे म्हणूनच ना? ज्याने स्वतः पाटी लावली त्याची पाटी आपण वाचली, तर दोष आपल्यालाच का द्यावा?

अभ्यासकांनीही हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की चौकात दुसऱ्याची पाळी मारून पुढे घुसण्यात आणि रस्ता ओलांडणाऱ्याला वाट न देण्यात महागड्या गाड्यांचे चालक अधिक होते. पण २०२० साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १,९०० मोटारमालकांचे स्वभाव पाहिले, तेव्हा चित्र जरा वेगळे निघाले. हट्टी, भांडखोर, दुसऱ्याची पर्वा न करणारे पुरुष मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीकडे ओढले जातात, हे खरे ठरले. मात्र नेटके, जबाबदार, शिस्तीने राहणारे स्त्री-पुरुषही त्याच गाड्यांकडे ओढले जातात, हेही तितकेच खरे ठरले. म्हणजे एकाच मर्सिडीजमध्ये दोन अगदी निराळी माणसे बसलेली असू शकतात, आणि बाहेरून गाडी तीच दिसते.

आता आपल्या गावच्या स्कॉर्पिओकडे या. सेक्टरमधल्या सोसायट्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येते: “जमिनीचा पैसा डोक्यात गेलाय यांच्या.” हे बोलणाऱ्याला त्या पैशाची गोष्ट बहुधा ठाऊक नसते. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेते गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्या गाडीला आपण ‘माज’ म्हणतो, तिच्यामागे हा हिशेब असू शकतो. किंवा काहीच नसेल, फक्त बँकेचे हप्ते असतील आणि महापे-रबाळ्यातल्या कंपनीला भाड्याने लावलेली गाडी वेळेवर पोहोचवायची काळजी असेल. अर्थात यामुळे कोणी कट मारला तर तो योग्य ठरत नाही. पण तो त्या एका चालकाचा गुन्हा होतो, आगरी-कोळी गावाचा स्वभाव नव्हे. आणि हेच बोलणारे गृहस्थ ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलची रांग मोडून डावीकडून पुढे घुसतात, तेव्हा त्यांना ऑफिसला उशीर झालेला असतो! आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

ही झाली बोलण्यातली गोष्ट. मला अधिक अस्वस्थ करते ती करण्यातली गोष्ट. १९६८ साली अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी मुद्दाम तशीच थांबवून ठेवायची आणि मागचे लोक काय करतात ते पाहायचे. कधी चकचकीत नवी क्रायस्लर, तर कधी जुनाट, मळकी गाडी. जुन्या गाडीमागे १०० पैकी ८४ चालकांनी हॉर्न वाजवला, नव्या गाडीमागे फक्त ५० जणांनी. नंतर काही विद्यार्थ्यांना नुसते विचारले, “तुम्ही काय कराल?” तेव्हा तरुण मुलांनी छातीठोकपणे सांगितले की आम्ही श्रीमंताच्या गाडीवर आधी हॉर्न वाजवू.

हा प्रयोग आपल्या गावात करायची गरज नाही. मोठ्या गाडीला आपण मनातल्या मनात शिव्या देतो आणि शांत बसून राहतो. हॉर्न वाजतो तो भाजीच्या हातगाडीवर, गॅस सिलिंडरच्या टेम्पोवर, प्रवासी उतरवायला थांबलेल्या रिक्षावर, नुकतीच स्कूटर शिकलेल्या बाईवर. राग एकावर, शिक्षा दुसऱ्याला. गाड्यांवरून माणसे ओळखण्याची आपली सवय बलवानाला रोखत नाही. ती फक्त कोणावर ओरडणे सुरक्षित आहे एवढे सांगते.

मग खरोखरच बलवानाने गुन्हा केला तर? १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ७ जुलै २०२४ रोजी वरळीत बीएमडब्ल्यूने पहाटे मासळी घेऊन निघालेल्या कोळी जोडप्याच्या स्कूटरला धडक दिली आणि त्यातील पत्नी मरण पावली. अशा बातमीनंतर “श्रीमंतांची पोरे अशीच” असे म्हणून आपण पान उलटतो. हे रागाचे वाक्य वाटते, पण ते हार मानल्याचे वाक्य आहे. ‘अशीच’ असतील तर मग विचारायचे तरी काय? पुण्यात लोकांनी विचारले. ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन कसा मिळाला, मुलाच्या हाती किल्ली कोणी दिली, हे प्रश्न लावून धरले गेले. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटकही झाली. हे प्रश्न पोर्शे या गाडीला नव्हते, नाव-गाव असलेल्या माणसांना होते.

शेवटी आपल्या दारातले एक दृश्य. रविवारी मिस्सा चालू असताना कोणीतरी घाईत गाडी आडवी लावून आत आलेला असतो. बाहेर रिक्षा अडते, मागे रांग लागते. त्या रांगेतल्या माणसाला आत कोण आहे हे माहीत नसते, त्यामुळे तो एवढेच म्हणतो, “हे चर्चवाले दर रविवारी असेच!” आणि आत सूचनांच्या वेळी माईकवरून गाडीचा नंबर पुकारला जातो, तेव्हा चारचाकीने आलेले सगळेच मनातल्या मनात आधी आपला नंबर आठवून पाहतात.