प्राण आणि प्राणवायु

ऑक्सिजनला मराठींत प्राणवायु हें नांव ज्यानें दिलें, त्यानें आपल्यावर उपकार केला कीं अपकार, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावीत आहे. नांव गोड आहे यांत शंका नाहीं. परंतु श्वास म्हणजेच प्राण, आणि श्वास थांबला कीं प्राण गेला, या आपल्या जुन्या समजुतीवर त्या नांवानें रसायनशास्त्राचा शिक्का मारला. शास्त्राला मात्र ती समजूत मान्य नाहीं.

१७८३ च्या सुमारास लाव्हाझिएनें दाखविलें कीं, श्वसन हें एक मंद ज्वलनच आहे. येथवर प्राण व प्राणवायु यांचें सख्य होतें. परंतु १८६१ सालीं पाश्चरला असे सूक्ष्म जीव आढळले कीं, ज्यांना हवा लागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर हवा लागतांच ते निश्चेष्ट होतात. द्राक्षरसाचें मद्य करणारें यीस्टहि हवेवांचून साखर फोडून जगूं शकतें. तेव्हां किण्वन म्हणजे हवेवांचून चाललेलें जीवन, असा सिद्धांत त्यानें मांडला. प्राणवायु नसतांहि प्राण असूं शकतो! जीवशक्तीच्या अभिमान्यांना यांत मोठें समाधान वाटलें. किण्वनाला जीव लागतोच, तो निव्वळ रसायनांचा खेळ नव्हे, असें त्यांनीं धरलें.

पुढें एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनज्ञानें यीस्ट वाळूबरोबर खलांत घोटलें, दाबयंत्रांत पिळलें, आणि मुरंबा टिकतो तसा तो रस टिकावा म्हणून त्यांत साखर घातली. रसाला बुडबुडे येऊं लागले. एकहि जिवंत पेशी नसतां साखरेचें मद्य होत होतें! १८९७ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. १९०७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्यांनीं जीवाचें माहात्म्य किण्वनाच्या गूढावर उभारलें होतें, त्यांचा पायाच त्या खलांत घोटला गेला. माझी तक्रार त्यांच्या पराभवाविषयीं नाहीं, पाया निवडण्याविषयीं आहे. जें समजत नाहीं तेवढ्याचाच आदर करावयाचा, तर तो प्रत्येक शोधाबरोबर उणा होणार. बुखनरचा रस कांहीं काळानें निकामी होतो, त्याला स्वतःसारखा दुसरा रस निपजवितां येत नाहीं, असें कोणी सांगेल. खरें आहे, पण त्यावरहि मी घर बांधणार नाहीं.

आपल्या रक्तांतील तांबडी पेशी पाहा. सुमारें १२० दिवस ती देहभर प्राणवायूचीं ओझीं वाहते, पण स्वतः त्यांतला कणहि खर्चीत नाहीं. अन्न जाळण्याची भट्टीच तिच्यापाशीं नाहीं. साखर अर्धवट फोडून मिळेल तेवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. साखरेच्या एका रेणूमागें तिच्या पदरीं ऊर्जेचीं दोन नाणीं पडतात. प्राणवायु वापरणाऱ्या पेशीला तींच तिसाच्या आसपास मिळतात. धान्याच्या वखारींतला हमाल अर्धपोटीं असावा, तसाच हा प्रकार. हें सारें उलगडून समजल्यावर त्या पेशीविषयीं माझा आदर वाढला, आणि त्यांत गूढ म्हणावें असें फारसें कांहीं उरलें नव्हतें.

वडील गेले त्या रात्रीं डॉक्टरांनीं त्यांचें मनगट सोडलें, घड्याळांत पाहिलें व वेळ सांगितली. आम्हीं ती लिहून ठेवली. रक्ताभिसरण थांबल्यावर सर्व पेशी एकदम मरत नाहींत, हें मागाहून वाचनांत आलें. मेंदूच्या पेशी कांहीं मिनिटांतच हात टेकतात. स्नायूंतल्या पेशी प्राणवायूवांचून, यीस्टसारख्याच, साखर फोडीत कांहीं तास तग धरतात, आणि ऊर्जा अगदींच सरली म्हणजे देह ताठतो. मग लिहून ठेवलेली ती वेळ कशाची? वडील तेव्हांच गेले, याविषयीं मला आजहि संशय नाहीं. परंतु त्यांचा हात हातांत घेऊन बसलेल्या आईला "आतां सोड, त्यांत कांहीं उरलें नाहीं," असें मीं शहाणपणानें सांगितलें होतें. तिनें लगेच सोडला नाहीं.