नावांची पड जमीन

2018 साली आमच्या वाचनालयाचे ट्विटर खाते उघडण्याचे काम माझ्याकडे आले. पंधरा अक्षरांच्या मर्यादेत बसेल असे संस्थेच्या नावाचे सुटसुटीत रूप आम्ही ठरवले. पण ते आधीच कोणीतरी घेतलेले निघाले. खाते 2010 सालचे. छायाचित्राच्या जागी करडी मानवाकृती आणि खाली आठ वर्षांत लिहिलेला एकच शब्द, 'टेस्ट'. मी नम्रपणे विचारणा केली, उत्तर आले नाही. अखेर नावामागे अंडरस्कोअर जोडून वेळ निभावली. पत्ता सांगताना ती खालची रेघ आजही वेगळी समजावून द्यावी लागते.

मला तेव्हा सातबाऱ्यावरची 'पड' ही नोंद आठवली. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने आमच्या आजोबांची तीन एकर जमीन कुळाच्या मालकीची झाली. घरात त्याचे दुःख होते. तरी जो कसतो त्याचीच ती, असे वडील म्हणत. मग वापरेल त्याचे नाव, हा न्याय इथे का लागू नये?

नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरने सहा महिन्यांहून अधिक काळ निष्क्रिय असलेली खाती काढून नावे मोकळी करण्याचा मनोदय जाहीर केला. माझे समाधान अल्पकाळच टिकले. दिवंगतांच्या आप्तांनी विचारले, आमच्या माणसाचे अखेरचे शब्दही पुसणार काय? कंपनीने माघार घेतली. शेतात पीक नसले तरी तिथे कोणाची समाधी असू शकते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

शिवाय नाव म्हणजे केवळ जागा नव्हे. तो पत्ताही असतो. 2013 मध्ये याहूने निष्क्रिय ईमेल पत्ते नव्या लोकांना दिले, तेव्हा त्यांतील काहींच्या हाती जुन्या धारकांची खासगी पत्रे पडली. जमिनीच्या हस्तांतरणात हा धोका नसतो.

विकण्यासाठीच नावे अडवणाऱ्यांचा दोष निर्विवाद आहे. संकेतस्थळांच्या नावांबाबत 1999 पासून तंटानिवारणाची आंतरराष्ट्रीय व्यवस्थाही आहे. परंतु तिचा आधार ट्रेडमार्कवाल्याला. आमच्यासारख्या वाचनालयाने काय दाखवावे? आणि जो किंमत मागत नाही, बोलतही नाही, त्याचा हेतू कोणी कसा ठरवावा? लोभ, विस्मरण आणि मृत्यू, तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

याबाबतीत मीही निर्दोष नाही. नातवाच्या बारशाच्या रात्री, पाहुणे पांगल्यावर, मी त्याच्या नावाचा जीमेल पत्ता घेऊन ठेवला. त्याला अजून त्याचा उपयोग नाही. दोन वर्षे न वापरलेली खाती काढण्याचे धोरण गूगलने 2023 मध्ये जाहीर केले, तेव्हापासून दर पाडव्याला मी त्या खात्यातून स्वतःला दोन ओळींचे पत्र धाडतो. त्याच नावाचा दुसरा एखादा मुलगा आपल्या नावापुढे आकडे जोडत असेल, याची मला जाणीव आहे. यंदाच्या पाडव्यालाही ती होती, आणि पत्र मी धाडलेच.