नवी गादी आणि आठवे शील

 



वर्षावास सुरू आहे. आपल्यापैकी अनेक उपासक-उपासिका पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला उपोसथ पाळत आहेत, अष्टशील ग्रहण करीत आहेत. या काळात इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो. जुनी गादी मधोमध खचली आहे, पाठ दुखते, नवी घ्यायची आहे. पण आठव्या शीलात आपण उच्चासयन-महासयन यापासून, म्हणजे उंच आणि ऐषआरामी बिछान्यापासून, दूर राहण्याचा संकल्प करतो. मग महागडी गादी घेणे शीलाविरुद्ध नाही का?

असा प्रश्न मनात येणे हेच शुभ लक्षण आहे. खरेदीला निघालेल्या माणसाला शील आठवते, याचा अर्थ धम्म विहारातून घरात आला आहे. म्हणून या महिन्याची धम्मदेसना याच विषयावर.

प्रथम शील काय सांगते ते पाहू. गृहस्थाची रोजची शीले पाच. त्यांत बिछान्याचा उल्लेख नाही. आठवे शील उपोसथाच्या दिवसासाठी आहे. त्या एका अहोरात्रीत गृहस्थ श्रमणासारखे राहून पाहतो. त्या रात्री चटई किंवा साधी सतरंजी अंथरावी. जे आजारी आहेत, वयस्क आहेत, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी शरीराला झेपेल तेवढेच करावे.

आणि भिक्खूंना तरी गादी वर्ज्य होती का? नव्हती. विनयात गादीला 'भिसी' म्हणतात. तिच्यात लोकर, कापड, झाडाची साल, गवत किंवा पाने भरण्याची परवानगी तथागतांनी दिली होती. पलंगाचे पाय मात्र सुगताच्या आठ अंगुळांहून उंच असू नयेत, असा नियम होता. उंचीवर एवढा कटाक्ष का? कारण आसनाची उंची ही त्या समाजात माणसाची उंची मानली जात होती. आजही मराठीत 'गादी' म्हणजे अंथरूण आणि 'गादी' म्हणजे सत्ताही. भगवंतांनी पाठीला लागणारा आधार काढून घेतला नाही, त्या आधारावर चढून बसणारा अहंकार काढला.

इथे आपण एक गोष्ट विसरू नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी काय नेसावे आणि कशावर निजावे हेही ठरवून दिले होते. देहदंड झालेल्या गुन्हेगारांची वस्त्रे, त्यांचे बिछाने आणि त्यांचे दागिने त्यांनी घ्यावेत, असा तो दंडक आहे. मेलेल्याचा बिछाना हा ज्यांचा वाटा ठरवला गेला, त्या माणसांचे आपण वारस. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा हा दंडकही जळाला. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत विद्यार्थिदशा काढली. उशाशी जाते, पायाशी बांधलेली बकरी, आणि पहाटे दोन वाजता उठून अभ्यास. पण त्यांनी दारिद्र्याचे गुणगान कधी केले नाही. म्हणून आपल्या कष्टाच्या पैशातून कुणी नवी, स्वच्छ गादी घरात आणतो, तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ती माणुसकीची गोष्ट आहे.

मग प्रश्न संपला का? नाही. इथूनच तो खरा सुरू होतो. गादी विकत मिळते, झोप मिळते का?

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात एक प्रसंग आहे. हिवाळ्याचे दिवस, हिम पडण्याचा काळ. आळवी येथे शिंसपा वनात गुरांच्या वाटेवर पाने अंथरून भगवान बसले होते. राजपुत्र हत्थक तिथून चालला होता. त्याने विचारले, भन्ते, आपल्याला सुखाची झोप लागली का? जमीन गुरांच्या खुरांनी टणक झालेली, पानांचा थर पातळ, अंगावरचे चीवर गार, वारा बोचरा. भगवंतांनी सांगितले, होय, जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे. मग त्यांनी हत्थकाला उलट प्रश्न केला. एखाद्याचे चिरेबंद घर आहे, वाऱ्याला आत वाव नाही, मऊ बिछाना आहे, दिवा तेवतो आहे, सेवेला माणसे आहेत. पण त्याच्या मनात लोभाची, द्वेषाची किंवा मोहाची आग पेटली, तर तो सुखाने झोपेल का? हत्थक म्हणाला, नाही भन्ते.

आपली घरे आता हत्थकाच्या घरासारखी आहेत. हीटिंग आहे, दुहेरी काचेच्या खिडक्या आहेत. तरी रात्री दोन वाजता डोळे उघडे असतात. व्हिसाची मुदत, भावाशी जमिनीवरून झालेले भांडण, गावी एकट्या पडलेल्या आईची काळजी, ऑफिसात दुसऱ्याला मिळालेली बढती. यांवर कोणत्याही दुकानात फोम मिळत नाही.

त्याच निपातात वेनागपूरच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. भगवंतांची प्रसन्न कांती पाहून त्याला वाटले, यांना उंची पलंग, लोकरीची आच्छादने, दोन्ही बाजूंना तांबड्या उशा सहज मिळत असणार. भगवंतांनी सांगितले की अशा वस्तू प्रव्रजितांना दुर्मीळ असतात आणि मिळाल्या तरी कल्पत नाहीत. पण तीन महासयने आपल्याला हवी तेव्हा मिळतात. ध्यानाचे दिव्य शयन, मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षेचे ब्रह्मशयन, आणि लोभ-द्वेष-मोह मुळासकट संपल्याच्या जाणिवेचे आर्य शयन. बंधूंनो, यांतले दुसरे तरी आपल्या आवाक्यात आहे. मैत्री भावनेचे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यांत पहिला सुखाने झोपणे आणि दुसरा सुखाने जागे होणे हा आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. धम्म हा व्यवहारात उतरला पाहिजे.

पहिले, मध्यम मार्ग. कडक अंथरूण पाठीला उत्तम, असा आपल्याकडे समज आहे. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने अधिक आराम पडला. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला थोडी मऊ, वजनदार माणसाला थोडी घट्ट गादी लागते. दुकानात लाजू नका, नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटे पडून पाहा. इथली डबल गादी १३५ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे दोघांना प्रत्येकी साडेसदुसष्ट. सिंगल मात्र एकट्याला ९० देते. जोडप्याला किंग, म्हणजे १५० सेंटीमीटर, परवडत असेल आणि खोलीत मावत असेल, तर तो ऐषआराम नव्हे.

दुसरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही म्हण आपण पैशासाठी वापरतो, इथे ती अंथरुणालाच लागू पडते. व्याघ्रपज्ज कोलियाला भगवंतांनी समजीविता सांगितली. तराजू धरणाऱ्याला पारडे कुठे झुकते हे कळते, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळला पाहिजे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत एक अनृण सुख आहे, कर्ज नसल्याचे सुख. हप्त्यावर घेतलेल्या गादीत तो हप्ताही आपल्या शेजारी झोपतो. 'आज रात्री सवलत संपते' ही पाटी दिसली की थांबा, एक श्वास घ्या, घरी या. सवलत पुन्हा लागते. किती रात्री वापरून परत करता येते आणि परत नेण्याचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी पाहा.

तिसरे, जुन्या गादीचे काय? कोसंबीत राजा उदेनाने आनंदाला विचारले, मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू. आणि त्यांची जुनी? त्यांची पांघरुणे. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके, आणि शेवटी चिंध्या कुटून, चिखलात मळून जमीन सारवायची. काहीच फुकट जाऊ द्यायचे नाही. म्हणून गादी चांगली असेल तर द्या. तिच्यावरचे अग्निसुरक्षेचे लेबल कापू नका, त्याविना चॅरिटीवाले ती घेत नाहीत. पण खचलेली, डागाळलेली गादी भारतातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीवर टाकून त्याला दान म्हणू नका. टाकाऊ म्हणून दिलेले दान सत्पुरुषाचे नव्हे, असे भगवंतांनी सांगितले आहे. टाकलेले बिछाने ज्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला आले, त्यांनी तरी हे जपावे. तशी गादी काउन्सिलकडे द्या.

चौथे, घरात सगळ्यात चांगली गादी कोणाच्या खोलीत आहे, हे एकदा पाहा. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील बैठकीतल्या सोफ्यावर झोपतात आणि "आम्हाला सवय आहे" म्हणतात. त्यांनी आयुष्यभर वाकळीवर काढले म्हणून त्यांची हाडे वेगळी झालेली नाहीत. आणि गावी असलेल्या आईकडे काय अंथरले आहे, हे पुढच्या फोनवर विचारा.

येत्या उपोसथाला एक संकल्प करूया. त्या रात्री नवी गादी रिकामी ठेवून चटईवर झोपूया. झोपण्यापूर्वी ज्याचा राग आहे त्याच्यासाठी पाच मिनिटे मैत्री भावना करूया. दुसऱ्या दिवशी गादीवर परत याल, तेव्हा ती गरज आहे की आसक्ती, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

सर्वांना सुखाची झोप लागो, सर्व सुखाने जागे होवोत.

भवतु सब्ब मंगलं. साधु, साधु, साधु!